संगणकाच्या मदतीने कृत्रिम जनुकाची रचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रथिन कोणतं हवं ते माहीत आहे, ते कोणत्या पेशीत बनवायचं हेही ठरलंय, पण जनुक नेमकं कसं लिहायचं? या टप्प्यावर अडलेल्यांचे प्रश्न सतत येत असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, शेवटी अपवाद. आधी एखादं जनुक मागवून पाहिलेल्यांनी थेट प्रश्न ५ पासून वाचलं तरी चालेल.

१. कृत्रिम जनुक म्हणजे काय? नैसर्गिक जनुकापेक्षा ते वेगळं असतं का?

रसायन म्हणून काहीच फरक नाही. डीएनए तोच, ए, टी, जी, सी ही अक्षरंही तीच. फरक एवढाच की नैसर्गिक जनुक एखाद्या जीवातून काढून घेतात, तर कृत्रिम जनुकाचा क्रम आधी ठरवला जातो आणि मग तो रासायनिक पद्धतीने जोडून तयार करतात. हरगोविंद खोराना यांच्या गटाने १९७० साली यीस्टच्या अ‍ॅलानीन टीआरएनएचं ७७ बेस-जोड्यांचं जनुक असं जोडून दाखवलं. १९७७ मध्ये सोमॅटोस्टॅटिन या अवघ्या १४ अमिनो आम्लांच्या संप्रेरकाचं जनुक कृत्रिमरीत्या तयार झालं आणि ई. कोलाय या जीवाणूने त्यावरून ते संप्रेरक बनवलं. क्रम स्वतः लिहायची मोकळीक मिळाली की मूळ जीवाने लिहिलेला क्रम जसाच्या तसा ठेवायचं बंधन उरत नाही. पुढचे सगळे प्रश्न या मोकळिकीतूनच आले आहेत.

२. कोडॉनचा (एका अमिनो आम्लासाठी असलेल्या तीन अक्षरी शब्दाचा) तक्ता समोर ठेवून हाताने लिहिलं तर चालणार नाही का? संगणक कशाला हवा?

१४ अमिनो आम्लांसाठी चालेल. सोमॅटोस्टॅटिनचे कोडॉन माणसांनीच विचार करून निवडले होते. पण कोडॉन ६४ आहेत. त्यांतले ३ थांबण्याचे सोडले तर ६१ कोडॉन २० अमिनो आम्लांमध्ये वाटले गेलेत. मेथिओनीन आणि ट्रिप्टोफॅनच्या वाट्याला एकेकच आलाय. ल्युसीन, सेरीन, आर्जिनीन यांना सहा-सहा. सरासरी तीन पर्याय धरले तरी ३०० अमिनो आम्लांचं प्रथिन सुमारे १०^१४३ वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येतं. एवढे क्रम संगणकालाही एकेक करून तपासता येत नाहीत. त्यासाठी शोधाच्या पद्धती वापराव्या लागतात. शिवाय अटी एकमेकींच्या आड येतात. इथला कोडॉन बदलून जीसीचं (जी आणि सी या अक्षरांचं) प्रमाण सुधारावं, तर तिथे एन्झाइम डीएनए कापेल अशी नको असलेली जागा तयार होते. हातांनी लिहिणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या अटीपर्यंत मेटाकुटीला येतो.

३. सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी काय काय ठरलेलं असावं?

प्रथिनाचा अमिनो आम्लांचा क्रम (टॅग म्हणजे प्रथिन वेगळं काढायला जोडलेला तुकडा, सिग्नल पेप्टाइड म्हणजे प्रथिनाला पेशीबाहेर पाठवणारा सुरुवातीचा तुकडा, आणि प्रथिन कापायच्या जागा धरून), यजमान म्हणजे प्रथिन बनवणारी पेशी कोणती, वेक्टर म्हणजे जनुक पेशीत नेणारा डीएनए कोणता, आणि जनुक त्यात कोणत्या पद्धतीने बसवणार. सिग्नल पेप्टाइड ठेवायचं की काढायचं हे न ठरवताच अनेकजण कोडॉनकडे वळतात. जीवाणूच्या पेशीत मानवी सिग्नल पेप्टाइड सहसा कामाचं नसतं, आणि ही चूक कोडॉनच्या कुठल्याही कौशल्याने भरून निघत नाही.

४. सगळे पर्यायी कोडॉन तेच अमिनो आम्ल देतात. मग कुठलाही वापरला तर बिघडतं कुठे?

प्रथिनाचा क्रम बिघडत नाही. ते किती बनतं आणि कधी कधी कसं घडी घालतं ते बिघडतं. प्रत्येक कोडॉन वाचायला टीआरएनए (त्या कोडॉनचं अमिनो आम्ल आणून देणारा रेणू) लागतो, आणि पेशीत सगळे टीआरएनए सारख्या प्रमाणात नसतात. ई. कोलायमध्ये भरपूर बनणाऱ्या प्रथिनांची जनुकं मुबलक टीआरएनएचेच कोडॉन वापरतात, हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसून आलं होतं. आर्जिनीनचे एजीए आणि एजीजी, आयसोल्युसीनचा एटीए, ल्युसीनचा सीटीए हे त्या जीवाणूत दुर्मीळ आहेत. असे कोडॉन ओळीने आले की रायबोसोम (पेशीतलं प्रथिन जोडणारं यंत्र) रेंगाळतो, कधी सुटून जातो, कधी चुकीचं अमिनो आम्ल बसवतो.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण बीटी पिकांचं आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूचं कीटकनाशक प्रथिनाचं जनुक वनस्पतीत तसंच घातलं तेव्हा प्रथिन जेमतेम बनत होतं. ते जनुक एटी-बहुल असल्यामुळे वनस्पतीची पेशी त्यातल्या काही तुकड्यांना एमआरएनए (जनुकाची आरएनए प्रत, जिच्यावरून प्रथिन बनतं) तोडण्याच्या खुणा समजत होती. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात, प्रथिन जवळपास तेच ठेवून जनुक नव्याने लिहिल्यावर त्याचं प्रमाण शंभर पटींपर्यंत वाढलं. इथे सुधारणा केवळ टीआरएनएमुळे झाली असं समजू नका. नको त्या खुणा निघून जाणं तितकंच महत्त्वाचं होतं (प्रश्न १० पाहा).

५. सीएआय म्हणजे काय? सॉफ्टवेअर ०.९८ दाखवतंय, म्हणजे जनुक उत्तम झालं ना?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही.

सीएआय म्हणजे कोडॉन अडॅप्टेशन इंडेक्स. शार्प आणि ली यांनी तो १९८७ मध्ये मांडला. यजमानाची भरपूर प्रथिन देणारी जनुकं घ्यायची. त्यांत प्रत्येक अमिनो आम्लाचा सर्वाधिक वापरला जाणारा कोडॉन १ धरायचा आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात गुण द्यायचे. मग आपल्या जनुकातल्या सगळ्या गुणांची भूमितीय सरासरी काढायची. उत्तर ० ते १ च्या दरम्यान येतं. नैसर्गिक जनुकांची तुलना करायला हे माप फार उपयोगी आहे. पण तुलनेचं माप हेच रचनेचं लक्ष्य धरलं की गाडी घसरते.

२००९ मध्ये ग्रझेगोर्झ कुडला आणि सहकाऱ्यांनी हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची (जीएफपी) १५४ जनुकं तयार केली. सगळ्यांचं प्रथिन एकच होतं, कोडॉन मात्र वेगवेगळे. ई. कोलायमध्ये त्यांच्या चमकेत २५० पटींपर्यंत फरक पडला. हा फरक सीएआयने समजत नव्हता. सुरुवातीच्या भागात एमआरएनए किती घट्ट दुमडतो यावरून मात्र निम्म्याहून अधिक फरकाचा उलगडा झाला.

सीएआय अगदी १ करायचा तर प्रत्येक ल्युसीनसाठी एकच कोडॉन, प्रत्येक आर्जिनीनसाठी एकच. मग क्रमात पुनरावृत्ती वाढते, एकाच टीआरएनएवर सगळा भार पडतो, आणि बाकीच्या अटी पाळायला हाताशी एकही पर्याय राहत नाही. माझा सल्ला: दुर्मीळ कोडॉन टाळा, उरलेले यजमानाच्या वापराच्या प्रमाणात विखरून वापरा आणि सीएआयचा आकडा अहवालात तेवढा लिहा. तो ०.८ आला म्हणून झोप उडवून घेऊ नका.

६. जनुकाच्या सुरुवातीच्या भागाला वेगळे नियम का?

रायबोसोमला तिथे बसायला जागा लागते. एटीजीच्या (सुरुवातीच्या कोडॉनच्या) आसपास एमआरएनएची घट्ट केसपिन (स्वतःवरच दुमडून झालेली घडी) झाली तर रायबोसोम चढूच शकत नाही. पुढचे कोडॉन कितीही चांगले असले तरी मग काय उपयोग? म्हणून पहिल्या दहा-पंधरा कोडॉनमध्ये जीसी कमी ठेवतात आणि एटी-बहुल पर्याय घेतात, मग ते थोडे कमी वापराचे असले तरी हरकत नाही. २०१३ मध्ये हजारो रचनांवर झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं: ई. कोलायमध्ये सुरुवातीला दुर्मीळ कोडॉन असले की प्रथिन अनेकदा वाढतं, आणि त्यामागचं मुख्य कारण सैल दुमडण हे आहे.

आरएनएफोल्ड किंवा न्यूपॅक यांसारख्या साधनांनी ही दुमडण तपासता येते. तपासताना वेक्टरमधला एटीजीच्या आधीचा भाग जोडायला विसरू नका. एकट्या जनुकाची घडी बघून काही कळत नाही, कारण केसपिनचा एक पाय बऱ्याचदा वेक्टरमध्ये असतो. सस्तन प्राण्यांच्या पेशींसाठी एटीजीभोवती कोझाक क्रम (सुरुवात ओळखायला मदत करणारी अक्षरं) नीट बसला आहे ना, तेही पाहा.

७. प्रथिन भरपूर आलं, पण काम करत नाही. कोडॉन बदलल्यामुळे असं होतं का?

होऊ शकतं. प्रथिन रायबोसोममधून बाहेर पडता पडताच घडी घालायला लागतं. काही ठिकाणी रायबोसोम मंदावला तर आधीच्या भागाला नीट बसायला उसंत मिळते. सगळीकडे वेगवान कोडॉन घातले की ती उसंत जाते. न्यूरोस्पोरा या बुरशीच्या जैविक घड्याळात एफआरक्यू नावाचं प्रथिन असतं. त्याचे कोडॉन ‘सुधारले’ तेव्हा प्रथिनाचं प्रमाण वाढलं, पण घड्याळच बंद पडलं; हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी, २००७ मध्ये, माणसाच्या एमडीआर१ जनुकातल्या समानार्थी (अमिनो आम्ल न बदलणाऱ्या) बदलामुळे प्रथिनाचं औषधांशी वागणं बदलतं असं दाखवलं गेलं होतं.

यावर कोडॉन हार्मोनायझेशन हा उपाय आहे. मूळ जीवात जिथे दुर्मीळ कोडॉन होता तिथे नव्या यजमानातलाही दुर्मीळ कोडॉन ठेवायचा, म्हणजे वेगाचे चढउतार साधारण तसेच राहतात. मलेरियाच्या परजीवीच्या प्रथिनांसाठी ही युक्ती वापरली गेली आहे. पण निष्क्रिय प्रथिनाचा दोष लगेच कोडॉनवर टाकू नका. आधी तापमान कमी करून पाहा, डायसल्फाइड बंध आणि सहघटक तपासा. जनुक पुन्हा मागवण्यापेक्षा ते स्वस्तात होतं.

८. कंपनी म्हणते “हा क्रम बनवता येणार नाही”. कागदावर तर सगळं बरोबर आहे!

कागदावरचा क्रम प्रत्यक्ष बनतो तो एकेक अक्षर जोडून. प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली तरी १०० अक्षरांच्या ऑलिगोपैकी (डीएनएच्या छोट्या एकेरी धाग्यांपैकी) पूर्ण लांबीचे जेमतेम ३७ टक्के निघतात. २०० अक्षरांचे साधारण १३ टक्केच. म्हणून लांब जनुक एका दमात बनत नाही. छोटे ऑलिगो एकमेकांवर थोडे चढवून पीसीआरने, गिब्सन असेंब्लीने किंवा गोल्डन गेटने जोडतात. ही जोडणी टोकं एकमेकांना अचूक ओळखतात या भरवशावर चालते. तोच तुकडा जनुकात तीन ठिकाणी असेल, तर टोक तीनांपैकी कुठेही जाऊन चिकटतं.

नकाराची नेहमीची कारणं: पुनरावृत्ती, एकाच अक्षराची लांब रांग, फार जास्त किंवा फार कमी जीसी, जनुकाच्या एका भागात जीसी जास्त आणि दुसऱ्यात कमी, आणि मजबूत केसपिन. मर्यादा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात, म्हणून त्यांच्या तपासणी-साधनात क्रम आधीच टाकून बघा. एकूण जीसी ५० टक्के आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ५० किंवा १०० अक्षरांची खिडकी सरकवत नेली की खरी अडचण कुठे आहे ते दिसतं.

९. माझं प्रथिनच पुनरावृत्तीचं आहे, कोळ्याच्या रेशमासारखं. मग?

प्रथिनातली पुनरावृत्ती काढता येत नाही, पण डीएनएतली काढता येते. ग्लायसीन आणि अ‍ॅलानीनला चार-चार कोडॉन आहेत, त्यामुळे प्रत्येक आवर्तन वेगळ्या कोडॉनांत लिहायचं. संगणकाला ‘सलग इतकी अक्षरं दोनदा येऊ देऊ नकोस’ अशी अट घालता येते, आणि सीएआयवर पाणी सोडायला इथे अजिबात कचरू नये. हिस्टिडीनच्या टॅगमध्येही सीएटी आणि सीएसी मिसळून वापरा. आवर्तनं फारच असतील तर छोटा घटक बनवून तो टप्प्याटप्प्याने दुप्पट करत नेणं हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

१०. कोणते क्रम हमखास टाळावेत?

क्लोनिंगसाठी (जनुक वेक्टरमध्ये बसवण्यासाठी) वापरणार त्या रिस्ट्रिक्शन एन्झाइमच्या, म्हणजे ठरावीक क्रमावर डीएनए कापणाऱ्या एन्झाइमच्या, जागा, दोन्ही धाग्यांवर. गोल्डन गेटमध्ये बीएसए-१ वापरत असाल तर जीजीटीसीटीसी आणि तिचं उलटं रूप जीएजीएसीसी. ग्लायसीन-ल्युसीन शेजारी असतील तर जीजीटी-सीटीसी ऐवजी जीजीसी-सीटीजी लिहिलं की काम झालं. ई. कोलायसाठी जनुकाच्या मध्येच शाइन-डाल्गार्नोसारखा (जीवाणूत रायबोसोमला बसायची खूण असलेला) क्रम नको. दोन आर्जिनीन एजीजी-एजीजी असे लिहिले की तो आपोआप तयार होतो, म्हणजे दुर्मीळ कोडॉनची अडचण आणि ही अडचण एकदमच अंगावर येते.

केंद्रक असलेल्या पेशींत आणखी एक धोका असतो: स्प्लायसिंगच्या (आरएनएतले इंट्रॉन नावाचे नको असलेले तुकडे कापून टाकण्याच्या) खोट्या खुणा. जेलीफिशचं मूळ जीएफपी जनुक अ‍ॅराबिडॉप्सिस या वनस्पतीत घातलं तेव्हा वनस्पतीच्या पेशीने त्यातला ८४ अक्षरांचा तुकडा इंट्रॉन समजून कापून टाकला. १९९७ मध्ये तो भाग समानार्थी कोडॉनांनी पुन्हा लिहिल्यावर वनस्पती चमकली. एएटीएएए सारखे पॉली-ए संकेतही (एमआरएनए कुठे संपवायचा ते सांगणारे) याच यादीत धरा.

११. दोन सॉफ्टवेअरनी दोन वेगळे क्रम दिले. बरोबर कोणता?

बहुधा दोन्ही. एकाने प्रत्येक जागी सर्वोत्तम कोडॉन घेतला असेल, दुसऱ्याने यजमानाच्या वापराच्या प्रमाणात यादृच्छिक निवड केली असेल. यादृच्छिक निवड असेल तर तेच सॉफ्टवेअर दुसऱ्यांदा चालवल्यावरही वेगळा क्रम निघतो. विचारायचं ते एवढंच: साधनाने कोणत्या अटी पाळल्या? ते सांगत नसेल तर ते वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. डीएनए चिझलसारखी मुक्त साधनं अटी आणि उद्दिष्टं वेगळी लिहायला लावतात. अट मोडता येत नाही, उद्दिष्ट जमेल तितकं साधायचं. हा भेद डोक्यात पक्का असला की निम्मे घोळ टळतात.

कोणतंही साधन वापरा, शेवटी निघालेला क्रम स्वतंत्रपणे परत प्रथिनात रूपांतरित करून मूळ प्रथिनाशी अक्षरशः जुळवून पाहा.

१२. एआयने प्रथिनं रचता येतात म्हणे. मग ही कोडॉनची कटकट संपली का?

ती दोन वेगळी कामं आहेत. आरएफडिफ्यूजन, प्रोटीनएमपीएनएन यांसारखी साधनं अमिनो आम्लांचा क्रम सुचवतात. संगणकाने प्रथिनं रचण्याच्या कामासाठी डेव्हिड बेकर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला अर्धा वाटा मिळाला. पण सुचवलेलं प्रथिन पेशीत बनवायचं तर जनुक लिहावंच लागतं. उलट, अशी शेकडो प्रथिनं एकदम तपासायची असतात तेव्हा जनुकरचना स्वयंचलित असणं जास्तच गरजेचं ठरतं. कोडॉन निवडणारी भाषा-मॉडेलंही आली आहेत. ती यजमानाच्या जनुकांची ढब छान उचलतात, पण वरच्या प्रश्नांतल्या अटी त्यांच्या उत्तरावर वेगळ्या तपासाव्याच लागतात.

१३. एमआरएनए लसींची रचनाही अशीच करतात का?

मूळ तत्त्व तेच, प्राधान्य वेगळं. इथे रेणूचं आयुष्य महत्त्वाचं असतं; घट्ट दुमडलेला एमआरएनए जास्त टिकतो. कोरोना विषाणूचं स्पाइक प्रथिन १,२७३ अमिनो आम्लांचं आहे आणि ते सुमारे २.४ × १०^६३२ प्रकारे लिहिता येतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनियरडिझाइन या पद्धतीने भाषाविज्ञानातलं वाक्य-विश्लेषणाचं तंत्र वापरून, त्यांतला सर्वांत स्थिर क्रम ११ मिनिटांत शोधला. उंदरांमध्ये प्रतिपिंडांची पातळी नेहमीच्या कोडॉन-सुधारित क्रमाच्या १२८ पटींपर्यंत गेली. दुमडण घट्ट हवी हे प्रश्न ६ च्या उलट वाटेल. पण सैलपणा हवा असतो तो फक्त सुरुवातीच्या भागात.

१४. माझी ऑर्डर तपासणीसाठी अडकली आहे. मी काही चुकीचं केलं का?

तसं असेलच असं नाही. जबाबदार कंपन्या प्रत्येक क्रम धोकादायक रोगजंतू आणि विषांच्या क्रमांशी ताडून पाहतात आणि ग्राहकाचीही खातरजमा करतात. एखाद्या निरुपद्रवी एन्झाइमचा जवळचा नातलग त्या यादीत असू शकतो. संस्थेचं नाव, कामाचा उद्देश आणि जैवसुरक्षा समितीची मंजुरी कळवली की मार्ग मोकळा होतो. क्रम कापून, बदलून तपासणीतून सटकवायचा प्रयत्न मात्र करू नका.

१५. कोडॉनचा तक्ता सगळ्या जीवांत एकच असतो ना?

जवळपास. पण ‘जवळपास’ने घात होतो. मायकोप्लाझ्मात टीजीए म्हणजे थांबा नव्हे, ट्रिप्टोफॅन. ते जनुक ई. कोलायमध्ये तसंच घातलं तर प्रथिन अर्धवट तुटतं. प्रत्येक टीजीए बदलून टीजीजी करावा लागतो. कॅन्डिडा अल्बिकन्समध्ये सीटीजी मुख्यतः सेरीन देतो, ल्युसीन नाही. टेट्राहायमेनात टीएए आणि टीएजी ग्लुटामीन देतात. म्हणून डीएनएवरून प्रथिन काढताना मूळ जीवाचा तक्ता वापरायचा आणि प्रथिनावरून नवा डीएनए लिहिताना यजमानाचा. डेटाबेसमधलं प्रथिन थेट घेतलं की पहिली पायरी वाचते.

सेलेनोसिस्टीन हा आणखी अवघड प्रकार. तो टीजीएवरच बसतो, पण शेजारी एमआरएनएची विशिष्ट घडी असेल तरच. जीवाणूंमध्ये ही घडी टीजीएच्या लगेच पुढे, खुद्द जनुकातच असते. तिथले कोडॉन समानार्थी म्हणून बदलले की घडी मोडते आणि प्रथिन तिथेच थांबतं.

१६. असे आणखी भाग असतात का, की जिथे समानार्थी बदलही करू नये?

असतात. ई. कोलायच्या डीएनएएक्स जनुकात ‘ए’च्या एका रांगेवर रायबोसोम मुद्दाम एक अक्षर मागे घसरतो, म्हणून एकाच जनुकातून दोन प्रथिनं निघतात. ती रांग नीटनेटकी केली की दुसरं प्रथिन गायब.

विषाणूंत तर जनुकं एकमेकांवर चढलेली असतात. फाय-एक्स १७४ या विषाणूचा क्रम १९७७ मध्ये पूर्ण वाचला गेला तेव्हा एका जनुकाच्या आत दुसरं जनुक वेगळ्या चौकटीत (तीन-तीन अक्षरं वेगळ्या ठिकाणापासून मोजत) सापडलं. अशा ठिकाणी एका चौकटीतला समानार्थी बदल दुसऱ्या चौकटीत खराखुरा बदल ठरतो. यावर मार्ग आहे तो त्या भागाची प्रत काढून दोन्ही जनुकं वेगळी करण्याचा. त्यानंतर प्रत्येकाचे कोडॉन स्वतंत्रपणे बदलता येतात. केंब्रिजमध्ये २०१९ साली ई. कोलायचा संपूर्ण जीनोम पुन्हा लिहिला गेला तेव्हा हेच केलं. सेरीनचे टीसीजी आणि टीसीए आणि स्टॉप कोडॉन टीएजी असे तीन कोडॉन सगळीकडून काढायचे होते, एकूण १८,२१४ जागी. जिथे जनुकं एकमेकांत अडकली होती तिथे ती आधी सोडवावी लागली. तयार झालेला जीवाणू मूळ जातीपेक्षा सावकाश वाढतो, पण ६१ कोडॉनांवर जगतो.